अनसूयाबाईंचा उपास सुटला

उपचार संपले की लोक पेढे वाटतात. नागपूरहून किरणांची शेवटची पाळी आटोपून माणूस गावी परत येतो, घरातली बाई दारात ओवाळते, शेजारपाजारचे बघायला येतात आणि ‘सुटलात बापा एकदाचे’ म्हणून चहा पिऊन जातात. माझं काम त्यानंतर सुरू होतं. मी पांढुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि आठवड्यातले काही दिवस सौसरला जाते. कॅन्सरचे उपचार पुरे करून आलेल्या माणसांची पुढची काळजी घेणं हे माझ्याकडे सोपवलेलं काम. कोणाच्या हाताची सूज उतरत नाही, कोणाचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, कोणाच्या घशाला ओलावा राहत नाही, कोणाला आरशापुढे उभं राहवत नाही. दुखणं गेलेलं असतं, पण माणूस अजून परत आलेला नसतो. त्या मधल्या काळात त्याच्याजवळ बसणारं कोणी लागतं. मी बसते.

हे काम मी देवाच्या भरवशावर करत आले होते. पांढुर्ण्याहून सौसरला जाताना वाटेत जामसांवलीचा फाटा लागतो. तिथे बस हळू झाली की अर्धी माणसं मारुतीच्या दिशेनं हात जोडतात, तशी मीही जोडायची. माझ्या मनात त्या त्या दिवशीच्या पेशंटचं नाव असायचं. मग बोरगावची एक तरुण शिक्षिका माझ्याकडे येऊ लागली. स्तनाचं ऑपरेशन झालेलं, केस नुकते परत उगवू लागलेले. हाताचे व्यायाम ती इतक्या निष्ठेनं करायची की वर्गातल्या फळ्यावर वरपर्यंत खडू पोचला त्या दिवशी मला फोन करून सांगितलं. तिच्यासाठी मी जामसांवलीला शनिवार केले होते. दिवाळीनंतर दुखणं उलटलं आणि होळीच्या आत ती गेली. त्यानंतर मी देवाशी भांडले नाही, पण बोलणं बंद झालं. घरी दिवा लागत होता, तो हाताच्या सवयीनं. फाट्यावर बस हळू झाली की मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागायची.

त्याच उन्हाळ्यात अनसूयाबाई माझ्याकडे आल्या. रामाकोन्याच्या, साठीच्या आतबाहेरच्या. घरी कापूस आणि संत्र्याची बाग, नवरा तुळशीरामजी, एक मुलगा, रूपाली नावाची सून आणि लहान नातू. अनसूयाबाईंना गुदद्वाराच्या वरच्या भागात कॅन्सर झाला होता. नागपूरला मोठं ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं. पण अशा ऑपरेशनमध्ये शौचाची नेहमीची वाट कायमची बंद करावी लागते. आतड्याचं टोक पोटावर, बेंबीच्या डाव्या अंगाला, बाहेर काढतात आणि त्यावर एक पिशवी चिकटवतात. पोटातलं सगळं त्या पिशवीत उतरतं. ती रिकामी करायची, धुवायची, तिला कातडीशी धरून ठेवणारी चिकट चकती सैल झाली की बदलायची. शिकायला दोन-चार आठवडे लागतात, आणि मग माणूस शेतातही जातो, लग्नालाही जातो. हे सगळं मी त्यांना पहिल्या भेटीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पिशवी बदलायला त्या माझ्या अंदाजापेक्षा लवकर शिकल्या. मी मनात म्हटलं, या बाई सावरणार.

पण दर भेटीला त्यांचं वजन उतरत गेलं. तपासण्या चांगल्या येत होत्या, दुखणं परतल्याची कुठेच खूण नव्हती, तरी हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकत होत्या. विचारलं की ‘भूक नाही जी’ एवढंच. एक दिवस रूपाली त्यांना बाहेर बाकावर बसवून एकटीच आत आली. “सिस्टर, आई उपास करून राहिली,” ती म्हणाली. “पहिले फक्त शनिवार करे. आता सोमवार झाला, मंगळवार झाला, गुरुवार झाला. आज चतुर्थी म्हणते, उद्या एकादशी म्हणते. मी साबुदाणा केला तं म्हणते, माझा निरंकार आहे. देवाचं काम, मी काय बोलू?”

मी रामाकोन्याला त्यांच्या घरी गेले. घर चांगलं होतं, माणसंही प्रेमळ. पण अनसूयाबाई घरात नव्हत्या. त्या अंगणापलीकडे, जिथे फवारणीचे पंप आणि संत्र्यांचे रिकामे खोके ठेवलेले असतात, त्या खोलीत राहायला गेल्या होत्या. त्यांची बाज तिथे, ताट-लोटा वेगळा. कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं होतं. ऑपरेशनआधी घरातला देव्हारा त्यांच्या हाती होता, आता त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हत्या. नातवानं हाक मारली तर दारातूनच उत्तर द्यायच्या. तुळशीरामजी बाहेर खाटेवर बसून जमिनीकडे पाहत होते. आपल्या बायकोचं काय बिनसलं हे त्यांना समजत होतं, पण त्यावर बोलायचे शब्द त्यांच्याकडे नव्हते.

मी बाजेवर त्यांच्याशेजारी बसले. जीभ कोरडी पडलेली, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. पिशवी पाहिली, ती रिकामी होती.

“काकू, आज काय खाल्लं?”

“आज उपास आहे जी.”

“काल?”

लुगड्याचा पदर पोटावर दाबून धरायची त्यांना सवय लागली होती, तसा तो दाबत राहिल्या. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “खाल्लं का ते भरते. नाही खाल्लं तं साफ राहते. मी साफ राहते. आता तुमीच सांगा सिस्टर, असं पोटावर घेऊन मी चुलीजवळ कशी जाऊ, देवाजवळ कशी बसू? त्यापेक्षा त्याच्या नावानं उपाशी राहिली तं काय वाईट आहे?”

मी त्यांना आतड्याचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, मूत्रपिंडावर ताण येतो ते सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण मी एका भाषेत बोलत होते आणि त्या दुसऱ्या. मी पोटाबद्दल बोलत होते, त्या सोवळ्याबद्दल. इतक्या वर्षांत मी जखमा पाहिल्या, गाठी पाहिल्या, पण उपासाशी लढायचं मला कोणी शिकवलं नव्हतं. उपासाला नको म्हणायला तोंड उघडलं की मीच पापी ठरणार होते.

आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून स्पष्ट सांगितलं की हे असंच चाललं तर त्यांना भरती करावं लागेल, आणि कॅन्सरमधून वाचलेली बाई उपासमारीनं जाईल. मला एक गोष्ट माहीत होती. अशा पेशंटला नर्सचं शंभरदा सांगणं एकीकडे आणि तसंच ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या बाईनं जवळ येऊन बसणं एकीकडे. मी तसं कोणी शोधू लागले. पांढुर्ण्यात दोघं होते. एक व्यापारी गृहस्थ, त्यांनी घरच्या नोकरालाही कळू दिलं नव्हतं. दुसरी एक बाई, तिनं हात जोडून सांगितलं, “सिस्टर, माझं नाव कोणापुढं घेऊ नका.” मी कोणाला दोष देऊ? नागपूरला विचारलं, तिथल्या बाया दूरच्या गावच्या. मला कोणीही सापडलं नाही.

अशीच एक दिवस सौसरहून परतताना बसमध्ये खिडकीशी बसले होते. जामसांवलीचा फाटा आला. लोकांनी हात जोडले. मी जोडले नाहीत, पण होळीनंतर पहिल्यांदाच मनात त्याच्याशी बोलले, आणि ते रागानं. म्हटलं, ही बाई तुझ्याच नावानं मरून राहिली आहे. मी तिला सोडवू शकत नाही, कारण ती तुझ्याआड लपली आहे. आता तूच बघ. ही प्रार्थना होती असं मला वाटलं नाही. थकलेल्या माणसाचा वैताग होता तो. बस पुढे निघाली आणि मी डोळे मिटून घेतले.

पुढच्या आठवड्यात तुळशीरामजी एकटेच सौसरच्या दवाखान्यात आले. ऑपरेशनच्या दिवशी, अनसूयाबाईंना आत नेलं तेव्हा, त्यांनी जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलला होता. ही जिवंत बाहेर आली तर दोघं जोडीनं दर्शनाला येऊ. बायको जिवंत बाहेर आली, पण दर्शनाला चल म्हटलं की तोंड फिरवत होती. “तुमी संगं याल तं येईल ती,” ते म्हणाले. “मले नाही म्हणते. तुमाले नाही म्हणनार नाही. नवस फेडाचा राहिला म्हणून मले झोप नाही, सिस्टर.” मी हो म्हटलं. मी भक्त म्हणून जात नव्हते. पेशंटसोबत नर्स जाते, तशी जात होते. निदान त्या निमित्तानं बाई खोलीबाहेर पडेल, एवढाच माझा हिशेब. अनसूयाबाईंनी खूप आढेवेढे घेतले, शेवटी “बाहेरूनच हात जोडीन” या अटीवर तयार झाल्या.

शनिवार-मंगळवारी तिथे उभं राहायला जागा नसते, म्हणून आम्ही मधला वार धरला. सकाळी त्यांच्या मुलानं जीप काढली. पण पोचलो तेव्हा मंदिराबाहेर बसगाड्यांची रांग लागलेली. कुठूनसे मोठे जत्थे आले होते. मला वाटलं, परत फिरावं. तेवढ्यात तुळशीरामजी उतरून नारळवाल्याकडे गेलेही होते. मुलगा म्हणाला, “तुमी उतरा, मी गाडी लावून येतो,” आणि गर्दीतून जीप काढत लांब कुठेतरी घेऊन गेला. माझी सामानाची थैली, ज्यात पिशव्या, चकत्या, कापूस, सगळं होतं, ती जीपच्या मागच्या सीटवर राहिली. नुसतं आवारात तर जायचं आहे, मुलगा येईलच, असं म्हणून मी उतरले.

जामसांवलीचा मारुती इतर ठिकाणांसारखा उभा नाही. तो झोपलेला आहे, पिंपळाच्या सावलीत. त्याच्या बेंबीतून पाणी पाझरतं असं लोक पिढ्यान् पिढ्या मानत आले आहेत, आणि तेच तीर्थ म्हणून हातावर मिळतं. लांबलांबून माणसं त्यासाठी येतात. मी लहानपणापासून ते घेत आले होते. अनसूयाबाई आवाराच्या कडेला भिंतीशी उभ्या राहिल्या. तिथून पुढे जायला तयार नव्हत्या. पण जत्थ्याचा लोंढा आला आणि आम्ही दोघी नकळत रांगेत ढकलल्या गेलो. ऊन होतं, माणसांचा घाम, उदबत्त्यांचा धूर. तुळशीरामजी मागे कुठेतरी अडकले. आणि मध्येच अनसूयाबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट पकडलं की मला तेव्हाच कळलं.

चकती सुटली होती. कारणही मला कळत होतं. उपासांनी पोट आत गेलेलं, कातडीला वळ्या पडलेल्या, त्यावर चकती नीट बसत नव्हती, आणि घामानं उरलीसुरली पकडही गेली. आदल्या दिवशी रूपालीनं डोळ्यांत पाणी आणून भरवलेली अर्धी भाकर आता लुगड्यावर उतरत होती. वास आला. आमच्या पुढची बाई वळून पाहू लागली. कोणीतरी नाकाला पदर लावला. अनसूयाबाई रांगेतच खाली बसल्या, गुडघे पोटाशी घेऊन, आणि जमिनीकडे तोंड करून पुटपुटू लागल्या, “मी म्हणत होती ना. मी म्हणत होती ना.” मी मुलाला फोन लावत होते. एवढ्या गर्दीत फोन लागत नव्हता. माझ्या हातात काहीही नव्हतं. ना कापूस, ना पाणी, ना शब्द. ज्या देवाच्या दारात त्यांनी अपवित्र ठरण्याची भीती धरली होती, त्याच दारात ते घडलं होतं, आणि मीच त्यांना आणलं होतं.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझा खांदा बाजूला केला. उंच, सावळी, वयानं अनसूयाबाईंच्याच बरोबरीची एक बाई. तिनं उन्हासाठी अंगावर घेतलेली शाल काढली, अनसूयाबाईंच्या कमरेभोवती अशी गुंडाळली की काही दिसू नये, आणि रांगेतल्या लोकांना अगदी सहज आवाजात म्हणाली, “बाईले चक्कर आली, जागा द्या जरा.” मग वाकून अनसूयाबाईंच्या कानाशी बोलली. ते मी ऐकलं. ती म्हणाली, “उठ माय. मले पन तेच आहे.”

अनसूयाबाईंनी मान वर केली.

त्या बाईच्या गटानं धर्मशाळेत एक खोली घेतलेली होती. आम्ही दोघींनी धरून त्यांना तिथे नेलं. बादलीभर पाणी होतं. मी माझं काम करू लागले, आणि सामानाची अडचण सांगायला तोंड उघडणार तोच त्या बाईनं आपल्या बोचक्यातून एक स्वच्छ चकती आणि पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. “मी कुठंही गेली तं जास्तीची संगं ठेवते,” ती म्हणाली. चकती कापून बसवायची होती, कात्रीही तिच्याकडेच होती. मी कातडी धुतली, कोरडी केली, वळ्या ताणून चकती बसवली. अनसूयाबाई छताकडे पाहत होत्या आणि डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं.

मी हात धुऊन वळले तेव्हा त्या बाईनं आपल्या लुगड्याचा काठ बाजूला सरकवला होता. तिच्या पोटावर तशीच पिशवी होती. त्यावर तिनं जुन्या साडीच्या कापडाची एक खोळ शिवून घातली होती, निळी, पांढऱ्या बारीक फुलांची. “हे पाह्य,” ती म्हणाली. “मी मुलताईकडची. माझं ऑपरेशन होऊन लय दिवस झाले. शेणगोठा करते, सोयाबीन सोंगते. नातीच्या लग्नात नाचली बी.”

अनसूयाबाई उठून बसल्या. त्यांनी हात पुढे केला आणि त्या खोळीच्या कापडाला बोट लावलं. मग त्यांनी विचारलं, “घरात जाता? चुलीजवळ?”

“मंग काय बाहेर बसू? सैपाक कोन करीन?”

“अन् देवाजवळ?”

“आता तिथंच तं चालली होती.”

“अशी? हे घेऊन?”

ती बाई अनसूयाबाईंजवळ सरकून बसली आणि हळूच बोलली. तिचं बोलणं मला जसं आठवतं तसं सांगते. “तू इथं कायचं तीर्थ घेतेस, सांग बरं. त्याच्या बेंबीतून पानी येते ना? त्याच्या पोटातून आलं ते आपन हातावर घेतो, डोयाले लावतो, पितो. कोनी म्हनते का, पोटातून आलं म्हून वंगाळ? त्यानं तुले पोट देलं. एक वाट बंद झाली तं डाक्टरच्या हातानं दुसरी काढून देली. जिवंत ठेवाले देली. अन् तू ते लपवून त्याच्यावरच रुसून बसली, उपाशी?”

मी खोलीच्या दाराशी उभी होते. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. मी त्या बाईला काहीही सांगितलं नव्हतं. उपासाबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. अनसूयाबाईंच्या हातापायांकडे पाहून कोणालाही ते कळलं असतं, हे मी नर्स म्हणून जाणते. तरी त्या क्षणी मला तसं वाटलं नाही. बसच्या खिडकीत मी जे रागानं टाकून दिलं होतं, ते कोणीतरी उचलून घेतलं होतं, असं वाटलं. यापेक्षा जास्त मी सांगू शकत नाही, आणि सांगावंसंही वाटत नाही.

रूपालीनं घडी करून दिलेलं एक लुगडं तुळशीरामजींच्या झोळीत होतं. तुळशीरामजी आम्हाला शोधत धर्मशाळेपर्यंत आले तेव्हा ते लुगडं उपयोगी पडलं. मग अनसूयाबाई त्या बाईचा हात धरून गाभाऱ्याकडे गेल्या. तुळशीरामजी दुसऱ्या बाजूला. मी मागे, आणि माझी थैली घेऊन एव्हाना येऊन पोचलेला मुलगा. या वेळी रांग लवकर सरकली. मारुतीपुढे उभ्या राहिल्यावर अनसूयाबाईंनी पोटावर दाबलेला पदर सोडला आणि दोन्ही हात जोडले. जोडायला दोन्ही हात लागतात, एवढी साधी गोष्ट. तीर्थ मिळालं तेव्हा त्यांनी ते तळहातावर खूप वेळ धरून ठेवलं. मला वाटलं, आता सांडतील. मग त्यांनी ते डोळ्यांना लावलं आणि प्यायल्या. मलाही कोणीतरी तीर्थ दिलं. मी घेतलं.

त्या दिवशी आवारात जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. भात, वरण, वांग्याची भाजी, पोळ्या. त्या बाईनं अनसूयाबाईंना आपल्याजवळ बसवलं. मी तुळशीरामजींच्या शेजारी, समोरच्या ओळीत. अनसूयाबाईंनी वरणभात कालवला, पण घास उचलेनात. ती बाई त्यांच्याकडे पाहत नव्हती, आपली निवांत जेवत होती, एक पोळी आणखी मागून घेतली. मग अनसूयाबाईंनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तुळशीरामजींनी आपलं जेवण थांबवलं होतं. ते पत्रावळीवर मान खाली घालून बसले होते आणि खांदे हलत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “बसू द्या जी मले असंच थोडा वेळ,” ते म्हणाले.

जेवणं होईपर्यंत बाहेर गाड्यांचे भोंगे सुरू झाले. त्या बाईचा जत्था निघत होता. मी तिचं नाव विचारलं तर हसून म्हणाली, “मावशी म्हना.” फोन तिच्याजवळ नव्हता, भाच्याजवळ होता आणि भाचा पुढे गाडीत. अनसूयाबाईंनी तिची शाल घडी करून परत दिली. धुवून देते म्हणाल्या तर ती म्हणाली, “कायले? माझ्या घरी पानी नाही का?” दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या नाहीत. एकमेकींच्या हातावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि मग ती गेली. शनिवारची गर्दी टाळायला आम्ही मधला वार धरला होता. शनिवार धरला असता तर ती भेटली नसती, आणि आवारात गर्दी नसती तर अनसूयाबाई भिंतीपासूनच परतल्या असत्या. यातलं काहीच मी ठरवलं नव्हतं.

एका जेवणानं सगळं नीट झालं असं मी लिहिणार नाही. उपाशी राहिलेल्या पोटाला हळूहळूच सवय करावी लागते, आणि मनाला त्याहून जास्त. अनसूयाबाई मधूनच घाबरायच्या, मधूनच पुन्हा उपासाची भाषा करायच्या. पण आता त्यांच्याशी बोलायला माझ्याकडे भाषा होती. रूपालीनं आपल्या जुन्या ओढणीची खोळ शिवून दिली. पावसाळा लागायच्या आत त्या अंगणापलीकडची खोली सोडून घरात आल्या. गौरी बसल्या तेव्हा नैवेद्याच्या पुरणपोळ्या त्यांनी लाटल्या, हे मला तुळशीरामजींनी दवाखान्यात येऊन सांगितलं. एवढंच सांगायला ते रामाकोन्याहून आले होते.

बोरगावच्या शिक्षिकेचं मला आजही उत्तर मिळालेलं नाही. एकीला राखलं आणि एकीला का नाही, हे मी त्याला विचारते, आणि तो काही सांगत नाही. अनसूयाबाईंचंही उद्या काय होईल ते मला ठाऊक नाही. दर तपासणीच्या आदल्या दिवशी मी त्यांचे जुने रिपोर्ट काढून पुन्हा वाचते. पण आधी मला वाटायचं की श्रद्धा म्हणजे मी मागावं आणि त्यानं द्यावं, आणि सोपवणं म्हणजे हात टेकणं. त्या दिवशी रांगेत माझे हात खरोखर रिकामे होते. माझं शिक्षण, माझी थैली, माझी समजूत, सगळं संपलं, आणि जिथे माझं संपलं तिथून दुसऱ्या कोणाचं तरी सुरू झालं. अनसूयाबाईंनी तर माझ्याहून मोठी गोष्ट केली. जे त्यांनी जगापासून आणि देवापासून झाकून ठेवलं होतं, ते एका अनोळखी बाईला पाहू दिलं. देवाला शरण जाणं म्हणजे काय, हे मी पोथ्यांत वाचलं होतं. घडताना पहिल्यांदा त्या खोलीत पाहिलं. आता सकाळी दिवा लावताना मी फार काही मागत नाही. आज ज्याच्याजवळ बसायचं आहे त्याच्याजवळ नीट बसता यावं, आणि माझ्यानं होणार नाही ते मला कळावं, एवढं म्हणते.

अलीकडे सौसरला एक तरुण बाई आली. ऑपरेशन तसंच, वय मात्र लहान, पदरी दोन लेकरं. आली तशी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, डबा उघडायला तयार नाही. मी रामाकोन्याला निरोप पाठवला. अनसूयाबाई दुपारच्या बसनं आल्या, मुलाला सोबत न घेता. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “पहिले चार घास खाऊन घे बाई. रडाचं ते मंग रडू आपण दोघी.” ती मुलगी भिंतीकडून वळली. मी हळूच बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. आत माझी गरज नव्हती, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानले.